मांजर मावेल एवढी वाट

आमच्या समुद्राला डच खलाशांनी नाव ठेवलं.
खरं तर नावं ठेवली.
मीठ, राय, डांबराची पिंपं भरून
डेन्मार्कचं टोक वळसून ते खाली यायचे.
समोर हे एवढं पाणी, डोळ्यांत न मावणारं,
आणि गलबताच्या पोटाला वाळू खरवडायची.
तेव्हा कुणीतरी दोर ओढता ओढता
दातओठ खात म्हणाला असेल:
कॅटेगॅट.
मांजराचं भोक.
मांजरानंही अंग चोरून जावं अशी फट.

असं बाबा सांगायचे.
आनहोल्ट बेटावर तेव्हा पुस्तकं कमी होती
आणि बाबांना विचारणं सोपं.

शाळेत आम्ही पाच मुलं.
नावाचा अर्थ कळला त्या दिवशी
विलास नाही, विल्लास, माझा धाकटा भाऊ,
बाकाखाली शिरून हसत सुटला,
कारण त्या भोकाला आणखी एक अर्थ आहे
आणि तो मोठ्यांदा म्हणायचा नसतो.
दाग्नीबाईंनी नकाशा गुंडाळला.
त्यांचाही चेहरा लाल होता.

बेटावर हे नाव कुणी उच्चारत नाही.
ते रेडिओचं नाव. पहाटे, खरखरीत:
कॅटेगॅट, पश्चिमेचा वारा, सेकंदाला बारा मीटर, नंतर वाढेल.
आईची सुरी हेरिंगच्या पोटात थांबायची.
सेकंदभर. मग पुन्हा चालू.
पलीकडचे स्वीडिश त्याला पश्चिमेचा समुद्र म्हणतात,
त्यांचा सूर्य त्यात बुडतो.
युटलंडवाल्यांचा त्यातूनच उगवतो.
आम्ही मधले. आमच्याकडे दोन्ही,
आणि आई म्हणायची नुसतं “बाहेर”.
बाबा कुठे? बाहेर.

बाबा वाटाडे होते, परक्या जहाजांचे.
शिडीवरून चढायचे, दोन घोट कॉफी घ्यायचे
आणि कुठल्याशा दूरदेशच्या कप्तानाला सांगायचे,
थोडं डावीकडे.
वाट सतरा मीटर खोल, जहाजाचं पोट पंधराचं.
मधल्या दोन मीटर पाण्यावर आमचं घर चाललं.

घरात एक मांजर होती, ट्येर तिचं नाव, म्हणजे डांबर.
शेजारच्या एस्किल्डला ती आडवी गेली की तो होडी परत वळवायचा.
बाबा म्हणायचे, ज्या समुद्राच्या नावातच मांजर बसलीय
तिथे आडवं जायचं राहिलंय कोण?
तिच्यासाठी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला भोक पाडलं,
नकाशावरच्या कर्कटकानं माप घेऊन.
ती आधी मिशा आत घालते, पाहिलंस?
हेच माझं काम, म्हणाले,
फक्त मला पगार मिळतो.

मार्चमध्ये ते गेले, ग्रेनोच्या इस्पितळात.
कुणीतरी फोनवर विचारलं, एब्बे आहे का?
आई सवयीनं म्हणाली, बाहेर.
फोन ठेवला
आणि किती तरी वेळ त्या शब्दाकडेच बघत बसली.

बाबांचे नकाशे मी उघडले.
समुद्राचं नाव त्यांवर इतकं लांब पसरलेलं
की एक अक्षर दिसतं तेव्हा पुढचं दिसत नाही.
दोन अक्षरांच्या मधल्या निळ्यात आमचं बेट,
माशी बसावी एवढं.
आणि सगळीकडे पेन्सिलीनं, त्यांच्या तिरक्या हातानं:
इथे वाळू सरकली. इथे अर्धा मीटर कमी.
हा आकडा खोडा. हाही.
नावाखाली कुठेच काही लिहिलेलं नाही,
एका कोपऱ्यात कॉफीचं गोल वर्तुळ तेवढं.

शवपेटी फेरीनं आली. तीन तास.
एस्किल्ड धक्क्यावर टोपी हातात धरून उभा होता.
रात्री वारा वाढला, रेडिओनं सांगितलं तसाच.
ट्येर आता म्हातारी, पोट सुटलेली.
दाराच्या भोकातून मिशा आत आल्या,
मग डोकं, मग ती तिथेच थांबली,
अर्धी घरात, अर्धी वाऱ्यात.
आईनं भांडं खाली ठेवलं,
म्हणाली, ये, ये.
पाणी पुरेसं आहे.